धागा: गोल यंत्रावर विणलेल्या मोज्यातील सुटे सूत नेमके कुठे कापावे?

मोजेवाला_शिरगाव (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे मोज्यांचे लहानसे युनिट आहे. एका सिलिंडरची, पावणेचार इंची, १४४ सुयांची सहा यंत्रे आहेत आणि सहाही मी जुनी घेतलेली आहेत. सुती सूत, त्याच्या जोडीला नायलॉन आणि वरच्या पट्टीत रबर, असा साधा माल आम्ही काढतो. टाच आणि पुढचे टोक वेगळ्या रंगात असते. दोन पाळ्यांत साधारण साठ डझन जोड्या उतरतात.

अडचण अशी आहे की मोजा उलटा केला की रंग बदलण्याच्या जागी सुताची शेपटे लोंबतात. चार यंत्रांवर ती १२ ते १५ मिलिमीटरची असतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु दोन आणि चार क्रमांकाच्या यंत्रांवर, विशेषतः पाऊस सुरू झाल्यापासून, तीच शेपटे ४० ते ५० मिलिमीटरपर्यंत गेली आहेत. ती कापण्यासाठी बसवलेल्या बायकांवर कामाचा ताण आला, घाईत कात्री टाक्यात गेली आणि एका व्यापाऱ्याने गेल्या पंधरवड्यात ३५ डझन माल परत केला, कारण दोनदा धुतल्यावर टाचेपाशी भोके पडली.

एका ओळखीच्या फिटरने सांगितल्यावरून मी दोन्ही यंत्रांचे सक्शन, म्हणजे सुताचे टोक ओढून धरणारी हवेची ओढ, वाढवले. त्याने फरक पडला नाही. उलट दोन नंबरवर शेपूट आणखी लांबले, असा मला संशय आहे. आता शिवणकामाच्या कारखान्यांत असते तसे दोरे ओढून कापणारे सक्शनचे टेबल घ्यावे, की बायकांची संख्या वाढवावी, की यंत्रातच काही दुरुस्त करावे, याविषयी जाणकारांनी सांगावे.

विणकर_इचल (सोमवार, रात्री १०:१५)

मी यंत्रमागवाला आहे, त्यामुळे विणाईतील जाणकार म्हणून लिहीत नाही. परंतु सुटे दोरे हा आमचाही रोजचा विषय आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला आणि कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिल उभी राहिली, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचा डोळा ताण्या-बाण्यावर तयार झालेला आहे. मागावरच्या कापडाच्या काठाचे दोरे कापताना कात्री थोडी आत गेली तर काठ जरा विसकटतो, पण कापड उसवत नाही. मोज्यात मात्र एकाच सुताचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे एक फास तुटला की खालचा मोकळा होतो आणि शिडी पडत जाते. आमच्याकडच्या सवयीच्या हातांना मोजे कापायला दिले असतील तर नुकसान होणारच. बायका कुठून आल्या आहेत, ते आधी पाहा.

मोजेवाला_शिरगाव (सोमवार, रात्री १०:३०)

आपला अंदाज बरोबर आहे. तिघींपैकी दोघी पूर्वी मागाच्या कापडावर दोरे कापण्याचे काम करीत असत. ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती.

उद्यमनगरचा_मिस्त्री (मंगळवार, सकाळी ७:०५)

मालक, टेबल घेण्याआधी एक काम करा. दोन आणि चार नंबरच्या यंत्रांवरचे पाच-पाच मोजे घ्या आणि घड्याळवाल्याकडे असते तसल्या भिंगातून शेपटाचे टोक पाहा. टोक सपाट, कोयत्याने ऊस तोडावा तसे असेल तर सूत कापले गेले आहे. टोक झाडणीसारखे फुललेले असेल किंवा नायलॉन कुरळे होऊन ताणल्यासारखे दिसत असेल तर सूत तुटले आहे, कापलेले नाही. पहिल्या प्रकारात दोष पात्याचा नसतो. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा पात्याचाच असतो. हे पाहिल्याशिवाय कोणी काही सांगत असेल तर ऐकू नका, माझेसुद्धा.

मोजेवाला_शिरगाव (मंगळवार, दुपारी १:२०)

मिस्त्री काका, तुमचे म्हणणे ऐकून सकाळीच पाहिले. चार नंबरच्या पाचही मोज्यांत टोके फुललेली आहेत आणि नायलॉन तर स्प्रिंगसारखे आखडले आहे. दोन नंबरवर मात्र प्रत्येक टोक स्वच्छ कापलेले आहे, तरीही शेपूट लांब आहे. म्हणजे एकच रोग समजून मी दोन यंत्रांना एकच औषध देत होतो.

तंतू_आणि_ताण (मंगळवार, रात्री ८:५०)

वस्त्रतंत्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिण्याची मोकळीक घेतो, कारण सुटे सूत तयार कसे होते हे कळल्याशिवाय ते आखूड कसे करायचे हे कळणार नाही.

आपल्या यंत्रात सुया सिलिंडरच्या खोबणींत वर-खाली होतात आणि सूत त्यांना फिंगर पुरवते. पायाच्या भागातून टाचेत जाताना टाचेच्या सुताचे फिंगर खाली उतरते, काही सुयांपर्यंत दोन्ही सुते एकत्र विणली जातात आणि मग जुन्या सुताचे फिंगर वर उचलले जाते. उचललेले सूत शेवटच्या सुईपासून फिंगरपर्यंत तिरके ताणलेले राहते. सिलिंडरच्या वर असलेल्या चकतीभोवती, म्हणजे डायलभोवती, जी दातेरी कडी सिलिंडरच्या बरोबरीने फिरते, जिला कारखान्यात सगळे ‘सॉ’ म्हणतात, तिचा एखादा दात हे सूत पकडून स्थिर पात्यापर्यंत नेतो आणि तिथे ते कापले जाते. कापल्यावर टोके दोन होतात. एक मोज्याला चिकटलेले राहते. त्याला आपण ‘जाते टोक’ म्हणू. दुसरे फिंगरच्या बाजूला उरते, पात्यापाशी असलेल्या चिमट्यात दाबून धरले जाते आणि सक्शन त्याला वर ओढून धरते. पुढे हे सूत पुन्हा विणाईत आले की हे दुसरे टोकही मोज्याच्या आत येते. ते झाले ‘येते टोक’.

आता हिशेब करून पाहा. मुख्य सूत मोज्याच्या सुरुवातीला येते, टाचेपाशी जाते, टाचेनंतर पुन्हा येते आणि पुढच्या टोकापाशी जाते, म्हणजे ४ टोके. टाचेच्या सुताची २, पुढच्या टोकाच्या सुताची २ आणि पट्टीतील रबराची २. सोबतचे नायलॉन सोडून दिले तरी एका मोज्यात १० टोके, जोडीत २० आणि डझन जोड्यांत २४० टोके होतात. साठ डझनांचा गुणाकार तुम्हीच करा. तो केल्यावर कात्रीवर विसंबून राहणे किती महागाचे आहे हे वेगळे सांगावे लागणार नाही.

जाते टोक किती लांब राहील, हे शेवटची सुई आणि पाते यांच्यातील अंतरावर ठरते. ते अंतर यंत्राच्या घडणीतच असते, त्यामुळे सहजासहजी बदलत नाही. येते टोक मात्र चिमटा, सक्शन आणि सुताचा ताण या तिघांच्या भांडणातून ठरते. म्हणून मोजेवाले, एक चाचणी मोजा काढा. मुख्य सूत पांढरे ठेवा, टाचेला लाल सूत लावा, आणि लांब शेपूट पांढरे आहे की लाल, तसेच ते टाचेच्या सुरुवातीला आहे की शेवटी, हे कळवा.

सहा_बार (मंगळवार, रात्री ९:३०)

सरांनी फिंगरचा विषय काढलाच आहे तर एक भर घालतो. मी हवेवर चालणाऱ्या यंत्रणांची देखभाल करतो. या यंत्रांची फिंगरे सोलेनॉइड व्हॉल्व्हने, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या झडपेने, सोडलेल्या हवेवर हलतात आणि हवा साधारण ६ बारच्या दाबाने लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साठते. ते रोज सोडले नाही तर पाणी नळीतून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते, आतील तेल धुऊन निघते आणि पिस्टन आळशी होतो. फिंगर उशिरा उचलले गेले की शेपूट वाढत नाही, परंतु दोन्ही सुते एकत्र विणली जाण्याचा भाग वाढतो. घोट्यापाशी बोट फिरवून पाहा. जाड गाठीसारखा पट्टा लागला तर ती माझ्या खात्यातील तक्रार आहे.

तंतू_आणि_ताण (मंगळवार, रात्री १०:००)

सहा_बार यांचा मुद्दा आकड्यांत मांडण्याचा मोह आवरत नाही. पावणेचार इंची सिलिंडरचा परीघ सुमारे २९९ मिलिमीटर आहे आणि त्यात १४४ सुया आहेत, म्हणजे दोन सुयांमधील अंतर जवळजवळ २ मिलिमीटर पडते. यंत्र मिनिटाला २०० फेऱ्यांनी चालत असेल तर एका फेरीला ३०० मिलिसेकंद लागतात आणि एक सुई पुढे सरकायला सुमारे २ मिलिसेकंद. योगायोगाने हिशेब फार सोपा झाला आहे: या गतीला व्हॉल्व्ह जितके मिलिसेकंद उशीर करील तितके मिलिमीटर जोडविणाई, म्हणजे दोन्ही सुते एकत्र विणली गेलेला भाग, वाढेल. २५ मिलिसेकंदांचा आळस म्हणजे १२ सुयांची जाडी.

नवखा_फिटर (बुधवार, सकाळी ८:१०)

मी या क्षेत्रात नवीन आहे, चूक असल्यास क्षमा असावी. शेपूट शून्यावरच का आणत नाहीत? पाते सुयांच्या अगदी जवळ नेऊन सूत टाक्यालगत कापले तर कात्रीची गरजच उरणार नाही.

उद्यमनगरचा_मिस्त्री (बुधवार, सकाळी ८:४५)

बाळ, पाते सुयांच्या जवळ नेलेस तर सूत कापण्याआधी सुयांच्या जिभा कापल्या जातील. आणि समजा नाही कापल्या गेल्या, तरी टाक्यालगत कापलेले सूत पहिल्याच ताणाला मागे सरकते आणि फास सुटतो. सुती सूत खरखरीत असते, ते थोडे तरी धरून बसते. नायलॉन गुळगुळीत, ते दोन धुण्यांत निघून येते. माझ्या माहितीचे कारखाने १० मिलिमीटरच्या खाली जात नाहीत. शेपूट ही चूक नाही. किती आहे आणि सगळीकडे सारखी आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

तंतू_आणि_ताण (बुधवार, सकाळी ९:२०)

मिस्त्रींशी पूर्ण सहमत आहे. दोन सुते ज्या १०-१२ सुयांवर एकत्र विणली जातात ती जोडविणाई टोक धरून ठेवते आणि शेपूट ही तिच्या मागची राखीव लांबी असते. जोडविणाई चांगली असेल तर शेपूट आखूड चालते. जोडविणाई कमी केली तर शेपूट लांब ठेवावे लागते. दोन्ही एकाच वेळी कमी करण्याचा मोह अनेकांना होतो आणि धुलाईनंतर परत आलेला माल हे त्याचे फळ असते.

दारातली_कात्री (बुधवार, दुपारी ३:४०)

मी कणेरीची. गेली सहा वर्षे घरी बसून मोज्यांचे दोरे कापण्याचे काम करते. पैसे डझनावर मिळतात. इथे सगळे यंत्राविषयी बोलत आहेत, म्हणून हातांची बाजू मांडते.

मोजा उलटा करून डावा हात टाचेपर्यंत आत घालायचा, मूठ उघडायची म्हणजे टाच ताणली जाते आणि शेपटे उभी राहतात. मग कात्रीची पाती मोज्याला समांतर धरून, शेपूट जराही न ओढता कापायचे. ओढून कापले की सूत ताणाने लांब होते, कापल्यावर आत पळते आणि टाका उघडा पडतो. बहुतेक भोके अशी ओढून कापल्यामुळे पडतात. कात्री थेट टाक्यात जाण्याने पडणारी थोडी. मागाच्या कापडावर काम केलेल्या बाईला ओढून कापण्याची सवय असते, कारण तिथे तसेच करावे लागते. तिच्यावर रागावू नका दादा, तिला मोजा हातात घालून दाखवा. शिवाय कात्री टोकदार देऊ नका. बोथट टोकाची, लहान, नाकातले केस कापण्याच्या कात्रीसारखी द्या.

आणखी एक. शेपूट १५ मिलिमीटरपर्यंत असेल तर आम्ही त्याला हात लावत नाही, कारण त्याने काही बिघडत नाही. चार बोटे लांब शेपटे आली की मगच वेळ जातो. कामाचे पैसे मात्र डझनावरच असतात, शेपटावर नसतात.

मोजेवाला_शिरगाव (बुधवार, रात्री ९:१५)

ताई, तुमचे म्हणणे मनाला लागले. उद्याच मी स्वतः एक डझन कापून पाहणार आहे.

सर, चाचणी मोजा काढला. दोन नंबरवर लांब शेपूट लाल आहे आणि ते टाचेच्या सुरुवातीला आहे. म्हणजे तुमच्या भाषेत येते टोक. पांढऱ्याचे जाते टोक १३ मिलिमीटर भरले, लाल मात्र ४६. सक्शनची झडप पूर्वीच्या खुणेवर परत नेऊन पुन्हा मोजा काढला तेव्हा लाल शेपूट ३१ वर आले. म्हणजे सक्शन वाढवल्याने शेपूट वाढत होते, हा माझा संशय खरा ठरला. परंतु हे उलटे कसे?

तंतू_आणि_ताण (बुधवार, रात्री १०:०५)

उलटे नाही, सरळच आहे. लाल सूत जेव्हा विणाईत नसते तेव्हा त्याचे टोक चिमट्यात दाबलेले असते आणि सक्शन त्याला सतत ओढत असते. चिमटा घट्ट असेल तर कितीही ओढले तरी सूत सरकत नाही. चिमट्याची पकड सैल झाली असेल तर सक्शन मोज्याचा पूर्ण पाय विणून होईपर्यंत सुताच्या कोनवरून थोडे-थोडे सूत ओढत राहते आणि फिंगर खाली येते तेव्हा तेवढे जादा सूत टोक म्हणून मोज्यात शिरते. तुम्ही ओढ वाढवलीत, जादा सूत वाढले. त्या फिटरने सांगितलेला उपाय जाते टोक कापले जात नसेल, दातापर्यंत पोहोचत नसेल, तेव्हाचा आहे. तो चुकीचा नव्हता, चुकीच्या टोकाला लावला गेला.

चिमट्याची पट्टी उचलून तिच्याखाली काय आहे ते पाहा. त्या सुताच्या ताणाची चकतीही तपासा.

सहा_बार (बुधवार, रात्री १०:२०)

पट्टीखाली रुवा, म्हणजे सुताचे झडलेले तंतू, असणार, पैज लावतो.

उद्यमनगरचा_मिस्त्री (गुरुवार, सकाळी ६:५०)

पैज लावण्यासारखे काही नाही, रुवाच असणार. चार नंबरचे सांगा. पाते कधी बदलले होते आणि कोणी धार लावली?

मोजेवाला_शिरगाव (गुरुवार, दुपारी २:१०)

दोन नंबरच्या चिमट्याखाली खरोखरच रुव्याचा थर निघाला. तेल आणि ओलावा मिळून तो नमद्यासारखा घट्ट झाला होता. नखाने निघेना, पितळी पट्टीने खरवडून काढावा लागला. सुती सूत पावसात ओलावा धरते हे माहीत होते, पण त्याचा रुवा अशा जागी जाऊन बसेल असे वाटले नव्हते. साफ करून, सक्शन जुन्या खुणेवर ठेवून वीस मोजे काढले. लाल शेपूट १४ ते १६ मिलिमीटरच्या दरम्यान आहे.

चार नंबरचे पाते मी मे महिन्यात एका वर्कशॉपमध्ये धार लावून आणले होते. नवीन पाते महाग पडते म्हणून तसे केले. धार तर हाताला चांगली लागत होती.

उद्यमनगरचा_मिस्त्री (गुरुवार, सायंकाळी ७:३०)

पाते काढा आणि धारेजवळचा रंग पाहा. निळसर झाक दिसते का?

मोजेवाला_शिरगाव (गुरुवार, रात्री ८:००)

होय. धारेलगत दोन-तीन मिलिमीटरची निळी पट्टी आहे. मला ती तेलाची वाटत होती.

उद्यमनगरचा_मिस्त्री (गुरुवार, रात्री ८:२५)

ते तेल नव्हे. कोरड्या एमरीच्या चाकावर दाबून धार लावली की पोलाद तापते आणि साधारण ३०० अंश सेल्सिअसला निळा रंग चढतो. साध्या हत्यारी पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कठीणपणा, तिथे उतरलेला असतो. धार त्या दिवशी हाताला लागते, पण आठवड्याभरात सॉच्या दातांवर घासून वळते. वळलेली धार सुती सूत कसेबसे तोडते. नायलॉन ताणले जाते, ताणून तुटते आणि त्या ताणात मोज्याचे शेवटचे दोन-चार टाकेही आवळले जातात. नायलॉन स्प्रिंगसारखे आखडले असे तुम्ही लिहिलेत, ते यामुळेच.

उद्यमनगरात पन्नास ठिकाणी धार लावून मिळते आणि हात चांगले आहेत, परंतु हे पाते इंजिनाच्या भागासारखे नाही. त्याला पाणी सोडत, हलक्या हाताने, सपाट दगडावर एकाच बाजूने घासावे लागते, कारण दुसरी बाजू सॉला टेकलेली असते आणि ती सपाटच राहिली पाहिजे. निळे झालेले पाते फेकून द्या, नवीन बसवा. बसवताना सॉ आणि पाते यांच्यात कागदाएवढीही फट नको, पण दाबही नको. परीक्षा सोपी आहे: यंत्र बंद करून, नायलॉनचा एकच धागा दातात अडकवून सिलिंडर हाताने फिरवा. धागा टिकदिशी तुटून पडला तर बसवणी बरोबर. तो पात्याच्या आणि दाताच्या मध्ये दुमडून खाली घसरला तर पुन्हा बसवा. ही परीक्षा एका दातावर करून थांबू नका, कडीच्या चारही बाजूंनी करा, कारण जुन्या यंत्रात कडी एका बाजूला झिजलेली असू शकते.

महाद्वार_दुकान (शुक्रवार, सकाळी ११:००)

मी महाद्वार रोडवर लहान मुलांचे कपडे विकतो. यंत्रातील मला काही कळत नाही, पण एक विनंती करतो. तान्ह्या बाळाच्या मोज्यात आतल्या बाजूला एकही लांब दोरा नसावा. बाळाच्या पायाच्या बोटाभोवती दोरा किंवा केस गुंडाळला गेला की बोट सुजते, सुजल्यामुळे दोरा आणखी रुततो आणि रक्त पोहोचणे थांबते. बाळ नुसते रडत राहते. मोजा काढून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. माझ्याकडे येणारा बाळमोजा मी उलटा करून पाहिल्याशिवाय ठेवत नाही आणि त्यामुळे काही पुरवठादार माझ्यावर नाराज आहेत.

नवखा_फिटर (शुक्रवार, दुपारी १२:१५)

मग बाळमोज्यांवर नक्षी असते तिचे काय? एका फुलाच्या मागे दोऱ्यांचे जंगल असते.

तंतू_आणि_ताण (शुक्रवार, रात्री ९:००)

नक्षीचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. नक्षीचे रंगीत सूत प्रत्येक ओळीत फुलाच्या जागी येते आणि जाते. फूल ३० ओळींचे असेल तर त्याच्या दोन्ही कडांना मिळून ६० टोके होतात. ती हाताने कापणे अशक्य आहे, म्हणून तिथे सॉने एकसारखे कापलेले आखूड झुपके ठेवतात आणि ते आतल्या बाजूला मऊ गालिच्यासारखे राहतात. दोन फुलांमध्ये अंतर कमी असेल तर सूत कापत नाहीत, मागून तसेच नेतात. परंतु हे मोकळे सूत ५-६ सुयांपेक्षा, म्हणजे १० ते १२ मिलिमीटरपेक्षा लांब झाले तर मोजा घालताना पायाची बोटे त्यात अडकतात. बाळाच्या बाबतीत मी म्हणेन की पायाच्या पंजावर नक्षी ठेवूच नये, घोट्याच्या वर ठेवावी.

दोरे ओढून कापणाऱ्या टेबलाविषयी मूळ प्रश्न मागे राहिला. सपाट, एकजात विणलेल्या मोज्यांसाठी ते चालते. ज्या मोज्यांत आतून टेरीचे, म्हणजे टॉवेलसारखे उभे, फास असतात त्यांवर ते वापरू नये, कारण जाळीखालच्या पात्याला शेपूट कोणते आणि फास कोणता हे कळत नाही. जे जे आत ओढले जाईल ते ते पाते कापते.

दारातली_कात्री (शुक्रवार, रात्री ९:५०)

ते टेबल आमच्या शेजारच्या गावात एका कारखान्यात आले होते. पहिले आठ दिवस सगळे खूश होते. मग रबराची टोके त्यात ओढली जाऊन पट्टी सैल पडू लागली आणि टेबलावर आता चहाचे कप असतात.

सहा_बार (शुक्रवार, रात्री १०:१०)

रबराचे टोक कधीही ओढू नये, हे खरे. गुंडाळलेले रबर ताणलेल्या स्थितीत पट्टीत घातलेले असते. कापताना ताणले तर कापल्यावर ते दुप्पट आत पळते. मोजेवाले, व्हॉल्व्हचे काय झाले?

मोजेवाला_शिरगाव (रविवार, सायंकाळी ६:३०)

सर्वांना एकत्र उत्तर देतो.

चार नंबरला नवीन पाते बसवले आणि मिस्त्री काकांनी सांगितल्याप्रमाणे नायलॉनच्या धाग्याची परीक्षा घेतली. तीन बाजूंना धागा टिकदिशी तुटला, चौथ्या बाजूला दुमडून घसरला. त्या बाजूचे सात-आठ दात झिजलेले आहेत. नवीन कडी मागवली आहे, ती येईपर्यंत झिजलेल्या बाजूला सूत येणार नाही अशा बेताने रंगबदलाची जागा ५ सुयांनी पुढे सरकवली आहे. टाचेची शिवण नजरेला थोडी तिरकी दिसते, पण शेपटे १५ मिलिमीटरच्या आत आहेत आणि टोके स्वच्छ कापली जात आहेत.

कॉम्प्रेसरच्या टाकीतून जवळजवळ अर्धी बादली पाणी निघाले. हे सांगताना लाज वाटते, कारण ते सोडण्याचे काम माझेच होते. एक व्हॉल्व्ह साफ करून घेतला. तीन नंबरच्या मोज्यांवर घोट्यापाशी जाड पट्टा लागत होता, तो कमी झाला. त्या यंत्रात दोष आहे हे मला ठाऊकही नव्हते, कारण तिथे शेपूट लांब नव्हते.

स्वतः एक डझन मोजे कापायला बसलो. पहिल्या मोज्यात मी दोन टाके कापले आणि डझन पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. डझनाच्या दरात बदल केला आहे. तिघींना बोथट टोकाच्या कात्र्या दिल्या आहेत आणि मागावर काम केलेल्या दोघी आता मोजा हातात घालूनच कापतात. टेबल घेण्याचा विचार सोडून दिला आहे.

महाद्वार_दुकान (रविवार, रात्री ८:००)

बाळमोजे काढणार असाल तर कळवा. पहिले दहा डझन मी घेतो, पण उलटे करून पाहीन.

मोजेवाला_शिरगाव (रविवार, रात्री ९:३५)

जरूर पाहा. बाळमोज्यांसाठी लहान सिलिंडरचे एक यंत्र पाहून ठेवले आहे. टाच आणि पुढचे टोक वेगळ्या रंगात न काढता सगळा मोजा एकाच सुताचा विणायचा, असे ठरवतो आहे. सरांच्या हिशेबाने १० टोकांची ४ होतात. त्यातले सुरुवातीचे पट्टीच्या दुमडीत दडते, शेवटचे पुढच्या शिवणीबरोबर कापले जाते, आणि रबराची दोन उरतात. ती दोन मी कणेरीच्या ताईंकडे पाठवीन, त्यांना दर मान्य असेल तर.